तिसऱ्या ओळीतलं गाव

माझी बायको या देशात डॉक्टर झाली नाही, त्याचं कारण मी आहे. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. तिलाही नाही. लोक नशीब म्हणतात, व्हिसा म्हणतात, 'मूल लहान होतं ना तेव्हा' म्हणतात. मी मान हलवतो. कधीकधी तर त्यांच्या आधी मीच म्हणतो, "काय करणार, त्या वर्षी कॉम्पिटिशनच फार होती."

नव्हती. म्हणजे असेलही, पण तिचं त्यामुळे अडलं नाही.

आम्ही तेव्हाही अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलिनातल्या कॅरी गावातच राहत होतो, भाड्याच्या अपार्टमेंटमध्ये, दुसऱ्या मजल्यावर. मी पुण्याचा, सॉफ्टवेअरवाला. ती नागपूरची, एमबीबीएस. इंटर्नशिपमध्ये काही महिने चंद्रपूरकडच्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात होती आणि तिथल्या गोष्टी सांगताना तिचा चेहरा बदलायचा. २००१ साली लग्न होऊन ती इथे आली, माझ्या व्हिसाच्या शेपटाला बांधलेल्या व्हिसावर. त्या व्हिसावर राहता येतं, गाडी चालवता येते, स्वयंपाक करता येतो, नोकरी करता येत नाही. आमच्या त्या कॉम्प्लेक्समध्ये अशा बऱ्याच जणी होत्या. कुणी आर्किटेक्ट, कुणी बँकेतली अधिकारी. दुपारी सगळ्या स्विमिंग पूलशेजारी बाळांच्या गाड्या घेऊन बसायच्या. माझी बायको पुस्तक घेऊन बसायची.

इथे नुसत्या डिग्रीवर डॉक्टर होता येत नाही. आधी तीन परीक्षा. त्या पास झाल्या की एखाद्या हॉस्पिटलात रेसिडेन्सी करायची, निदान तीन वर्षं. ती मिळाली तर डॉक्टर, नाही मिळाली तर परीक्षेतले मार्क फ्रेम करून भिंतीवर लावा.

तिने त्या परीक्षा दिल्या तेव्हा मी तिला मदत केली होती. हे सांगितलं पाहिजे, माझी बाजू मांडायला नाही, पुढचं कळावं म्हणून. एका परीक्षेत खोटे पेशंट असतात, दुखण्याचं सोंग करणारे नट. त्यांना तपासून दाखवायचं. सरावाला आमच्याकडे नट एकच, मी. ऑफिसातून आलो की सोफ्यावर छातीला हात लावून बसायचो. ती बेडरूममधून पांढरा कोट घालून यायची, दारावर टकटक करायची आणि इंग्रजीत अतिशय गोड आवाजात विचारायची, "आज कशासाठी आलात?"

"बायकोने पाठवलं."

"किती दिवसांपासून दुखतंय?"

"लग्न झाल्यापासून."

"अरे, नीट कर ना बापा! माझा टाइम जाऊन राहिला."

तिचं नागपुरी चिडल्यावर बाहेर यायचं. मग मी नीट करायचो. डाव्या हातात कळ जाते, घाम येतो, वडिलांना हार्टचा त्रास होता. ती स्टेथोस्कोप लावायची, आणि खरं सांगतो, तिचा हात पाठीवर टेकला की मला आपलं काहीतरी खरंच दुखत असावं आणि ते आता बरं होणार, असं वाटायचं. ती पहिल्या प्रयत्नात पास झाली. आमची मुलगी तेव्हा वर्षाचीही नव्हती.

आमच्या घरात एक वाटणी आपोआप झाली होती. शरीराचं सगळं तिच्याकडे, मशीनचं सगळं माझ्याकडे. मुलीला ताप आला तर मी औषधाच्या बाटलीवर काय लिहिलंय तेही वाचत नसे, ती म्हणेल तेवढे चमचे. आणि टॅक्स, तिकिटं, पासवर्ड, कुठल्याही वेबसाइटवर काहीही भरायचं असेल तर ते मी. ती म्हणायची, "ते तुझं डिपार्टमेंट." आमच्या ओळखीच्या बहुतेक घरांत असंच होतं. त्यात कुणाला वावगं वाटत नव्हतं, मलाही नाही. मला तर ते आवडायचं.

माझ्या ग्रीन कार्डाचा अर्ज पुढे सरकला आणि तिला काम करायचं परमिट आलं. २००५ च्या सप्टेंबरात आम्ही रेसिडेन्सीचे अर्ज पाठवले. म्हणजे मी पाठवले. ती सांगत होती, मी टाइप करत होतो. अर्ज पाठवायचे ढिगाने, मग हिवाळ्यात जिथून बोलावणं येईल तिथे इंटरव्ह्यूला जायचं. त्यानंतर फेब्रुवारीत दोन्ही बाजूंनी आपापली पसंती क्रमाने लिहायची. उमेदवाराने हॉस्पिटलांची, हॉस्पिटलांनी उमेदवारांची. कुणी कुणाला कोणत्या नंबरवर ठेवलं ते दुसऱ्याला कळत नाही. सगळ्या देशाच्या याद्या एका कॉम्प्युटरमध्ये जातात आणि मार्चमध्ये तो जोड्या लावून देतो. याला इथे मॅच म्हणतात. एकदा जोडी लागली की नाही म्हणता येत नाही.

सासूबाईंना फोनवर हे समजावताना बायकोला अर्धं फोनकार्ड लागलं होतं. शेवटी त्या म्हणाल्या, "म्हणजे बघण्याचा कार्यक्रमच की. आणि पोहे कोण करतं मग?"

"आई, पोहे पण आपणच करायचे आणि तिकीट पण आपणच काढायचं."

"आणि नकार आला तर?"

"कळवत पण नाहीत."

"आपल्याकडे पण नव्हते कळवत," सासूबाई म्हणाल्या.

बोलावणी तीन आली. एक आमच्याच राज्यातलं, गाडीने जाता येण्यासारखं. दुसरं शेजारच्या व्हर्जिनियात, तेही रस्त्यानेच. तिसरं आयोवातलं, एका लहान गावातल्या हॉस्पिटलचं. आयोवा नकाशात कुठे आहे ते आम्हाला शोधावं लागलं.

पहिल्या दोन इंटरव्ह्यूंना मीच तिला घेऊन गेलो. मुलीला मागच्या सीटवर बांधून पार्किंगमध्ये थांबलो. ती बाहेर आली की आधी बूट काढायची आणि म्हणायची, "बरा झाला." दोन्हीकडे तिला विचारलं होतं की डिग्री घेऊन इतकी वर्षं झाली, मधल्या काळात काय केलंत. तिने दोन्हीकडे सांगितलं, मुलगी. दोन्हीकडे त्यांनी मान हलवून कागदावर काहीतरी लिहिलं.

आयोवाला ती एकटी गेली, जानेवारीत. शिकागोला विमान बदलून. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी त्यांचा जाड कोट दिला होता, तो तिला गुडघ्यांच्या खाली येत होता. तिला सोडताना मी चार-चार वेळा सांगितलं, गेट नंबर बघ, बोर्डवर बघ. ती म्हणाली, "अरे, मी एकटीने डिलिव्हऱ्या केल्यात. विमान बदलता येईल मला."

परत आली तेव्हा मी मुलीला कडेवर घेऊन विमानतळावर उभा होतो. लोकांच्या घोळक्यातून ती येताना दिसली आणि क्षणभर मी तिला ओळखलं नाही. कोट हातावर टाकलेला, बुटांना बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकतात त्या मिठाचे पांढरे डाग, आणि चालणं वेगळंच. तिची नजर आम्हाला शोधत नव्हती. ती स्वतःशीच काहीतरी घोळवत चालली होती आणि हसत होती. मग आम्ही दिसलो.

गाडीत ती थांबेचना. तिथले मुख्य डॉक्टर म्हातारे होते, त्यांनी तिला स्वतःच्या पिकअप ट्रकमधून गाव फिरवलं. मक्याची उंच कोठारं दाखवली. तिच्या अर्जात प्राथमिक आरोग्य केंद्राचा उल्लेख होता, त्यावर ते थांबले. लाइट गेली की काय करायचात, साप चावलेला माणूस आला तर, बाळंतीण अडली आणि रस्ता बंद असेल तर. "त्यांना माझं पीएचसी आवडलं रे!" ती म्हणाली. "बाकी सगळ्यांना मधली वर्षं दिसतात. ते म्हणाले, आमच्याकडेपण बर्फात रस्ते बंद होतात, आम्हाला असंच कुणीतरी लागतं."

मी म्हटलं, "वा."

"आणि हॉस्पिटलच्या समोरच डे केअर आहे. मी आत जाऊन बघून आले. स्वच्छ आहे. हिला मी घेऊन जाईन. तू दर दुसऱ्या वीकेंडला ये. नाहीतर महिन्यातला एक आठवडा वर्क फ्रॉम होम माग ना, देतील. तीनच वर्षं रे, मग इकडेच परत."

"बघू ना," मी म्हणालो.

मुलगी मागे झोपली होती. बायको खिडकीबाहेर बघत होती. माझी नोकरी बदलता येत नव्हती, ग्रीन कार्ड त्याच कंपनीच्या हातात होतं, हे तिने धरूनच बेत केला होता. त्या बेतात मलाही जागा होती. दर दुसऱ्या वीकेंडची, पाहुण्याची. पुढे मी स्वतःला पुष्कळ कारणं सांगितली, मुलगी, पैसे, थंडी. पण मला आतून जे लागलं ते त्या विमानतळावरच लागलं होतं. माझ्याशिवाय ती इतकी खूश असू शकते, हे मी पहिल्यांदा बघितलं होतं.

तरी तिने पहिला नंबर आयोवाला द्यायचा म्हटलं नाही. तिचं ठरलं होतं. आधी आपल्या राज्यातलं, मग व्हर्जिनिया, आणि दोन्ही हुकली तर आयोवा. घर आधी. तिने मला न विचारता आम्हाला वर ठेवलं होतं.

आता कॉम्प्युटर जोड्या कशा लावतो ते सांगतो. मी ते सगळं नीट वाचलं होतं. माझा तो विषयच. इतकंच नाही, तर ऑफिसात लंचला शेजारच्या क्युबिकलमधल्या माझ्या तेलुगू मित्राला मी साखरेच्या पुड्या टेबलावर मांडून ते समजावलं होतं. प्रत्येक पुडी म्हणजे एक उमेदवार, प्रत्येक कप म्हणजे एक हॉस्पिटल. पुडी आधी आपल्या पहिल्या पसंतीच्या कपाकडे जाते. त्याने ठेवून घेतली तर तात्पुरती तिथे राहते. त्याला तिच्याहून आवडती पुडी नंतर आली तर ही बाहेर, मग ही आपल्या दुसऱ्या पसंतीकडे जाते. वरच्या सगळ्यांनी नाही म्हटल्याशिवाय खालच्या नावाकडे कुणी बघतसुद्धा नाही. त्यामुळे खाली कितीही नावं लिहा, वरच्यांना धक्का लागत नाही.

मित्र म्हणाला, "मग कुणी यात चलाखी करू शकत नाही?"

मी म्हणालो, "तेच तर सुंदर आहे यार. मनातलं खरं लिहिणं हीच सगळ्यात मोठी चलाखी."

तो आठवडा संपायच्या आत आम्ही यादी भरायला बसलो. संध्याकाळची वेळ. डायनिंग टेबलावर लॅपटॉप, मुलगी खाली जमिनीवर क्रेयॉन घेऊन. कुकरची वाफ जिरत होती. पहिलं नाव मी टाकलं, दुसरं टाकलं.

"तिसरं आयोवा," ती म्हणाली.

मी थांबलो. "टाकायचं का खरंच?"

"का रे? शेवटी तर आहे. वरची दोन्ही गेली तर तेवढं तरी."

"तसं चालत नाही ते."

"मग कसं चालतं?"

मी तिच्याकडे न बघता स्क्रीनकडे बघून बोललो. "हे बघ, कॉम्प्युटरला सगळ्या जागा भरायच्या असतात. ज्या कुणालाच नको असतात त्या तो आधी भरतो. तुझ्या यादीत आयोवा दिसलं की तो म्हणणार, ही जायला तयार आहे, टाका हिला तिकडे. मग वरची दोन तो बघणारच नाही."

"तळाला लिहिलं तरी वरच्यांचं नुकसान होतं?"

"होतं."

"नक्की ना?"

"अगं, मी वाचलंय ते सगळं."

एवढं वाक्य मात्र खरं होतं.

मुलीने जांभळ्या रंगाचं काहीतरी काढून आईपुढे धरलं, ते तिने हातात घेतलं, छान आहे म्हणाली. मग म्हणाली, "त्या म्हाताऱ्या डॉक्टरांना वाईट वाटेल रे."

"त्यांना कळणार कुठे आहे."

"हो, ते पण आहे." तिने चित्र टेबलावर ठेवलं. "राहू दे मग. दोनच ठेव."

यादी पक्की करायचं बटण असतं. मी लॅपटॉप तिच्याकडे फिरवला. "तू दाब. तुझी मॅच आहे." तिने ओढणीला हात पुसला, डोळे मिटून काहीतरी पुटपुटली आणि दाबलं. ते बटण तिने दाबावं असं मला का वाटलं, ते मला तेव्हाही कळत होतं.

मुदत संपायला अजून बरेच दिवस होते. तोवर यादी उघडून बदलता येत होती आणि पासवर्ड माझ्याकडे होता. शेवटच्या दिवशी ऑफिसातून मी ती उघडलीही. दोन नावं आणि खाली रिकामी जागा. मी त्या रिकाम्या जागेत आयोवा टाकून पुन्हा पक्की केली असती तर तिला घरी येऊन काहीही सांगता आलं असतं, मी चुकीचं वाचलं होतं म्हणता आलं असतं. मीटिंगची वेळ झाली. मी ती विंडो बंद केली. मला वाटत होतं, दोनातलं एक तर मिळेलच. मला ती डॉक्टर व्हायला हवी होती. आणि संध्याकाळी घरीही हवी होती. या दोन गोष्टींच्या आड एक गाव येत होतं, ते मी काढून टाकलं, इतकाच माझा हिशोब होता.

मार्चमधल्या एका सोमवारी दुपारी ईमेल येते. जागा लागली की नाही एवढंच त्यात असतं, कुठे ते नंतर. मी मुद्दाम घरून काम करत होतो. ती मुलीला वरणभात भरवत होती. मी ईमेल उघडली आणि तिच्याकडे बघितलं. तिने चमचा खाली ठेवला नाही. उरलेले घास भरवले, मुलीचं तोंड पुसलं, मग बाथरूममध्ये गेली आणि नळ सोडला.

दुसऱ्या दिवशी एक शेवटचा खेळ असायचा. ज्या हॉस्पिटलांच्या जागा रिकाम्या राहिल्या त्यांची नावं वेबसाइटवर लागायची आणि ठरलेल्या वेळेपासून देशभरातले सगळे उरलेले उमेदवार एकदम फोन आणि फॅक्स करत सुटायचे. आम्ही सकाळपासून तयार होतो. फॅक्स अपार्टमेंटच्या लीझिंग ऑफिसातला, तिथल्या बाईने आमच्यासाठी मशीन मोकळं ठेवलं होतं. मुलगी खालच्या काकूंकडे. नावं लागली. मी यादीत खाली खाली जात होतो आणि ती माझ्या खांद्यावरून बघत होती.

"थांब," ती म्हणाली. "वर घे. हे बघ."

आयोवा होतं. एक जागा रिकामी.

ती एकदम उजळली. "अरे, आहे! त्यांच्याकडे आहे!" काल न मिळाल्याचं ती विसरूनच गेली. फोन उचलला. एंगेज. पुन्हा एंगेज. मी फॅक्स पाठवायला खाली पळालो, तोही जाईना. परत वर आलो तेव्हा ती उभ्याने नंबर फिरवत होती, केस विस्कटलेले, बोट रिडायलवर. किती वेळ गेला मी सांगू शकत नाही. शेवटी लागला. पलीकडे तिथली कोऑर्डिनेटर होती, इंटरव्ह्यूला तिला भेटलेली. बायकोने फोन स्पीकरवर टाकला, मलाही ऐकू यावं म्हणून.

तिने नाव सांगितलं. ती बाई म्हणाली, अगं बाळ, तू का? आत्ताच दिली गं आम्ही ती जागा. फोनच फोन येत होते. मग म्हणाली, हे मी तुला सांगायला नको, पण डॉक्टरांनी तुला खूप वर ठेवलं होतं. काल निकालात तुझं नाव नव्हतं, त्यावरून आम्ही समजलो की तुलाच इथे यायचं नव्हतं.

बायको म्हणाली, "नाही, मला यायचं होतं." हे ती इंग्रजीत दोनदा म्हणाली.

फोन ठेवल्यावर ती खुर्चीत बसली. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. तिने माझ्याकडे वर बघितलं आणि म्हणाली, "आपल्याला नीट समजलंच नव्हतं रे ते. आपण चुकलो."

तो क्षण होता. त्यानंतर इतके क्षण आले, पण तो सगळ्यात सोपा होता. घरात दुसरं कुणी नव्हतं. मी म्हणालो, "पुढच्या वर्षी बघू."

पुढच्या वर्षी डिग्री आणखी जुनी झाली होती. बोलावणं एकच आलं, तेही उशिरा, आणि त्यातून काही झालं नाही. मग तिने अर्ज करणं थांबवलं. इथल्या रिसर्च पार्कमधल्या एका औषध कंपनीत तिला नोकरी मिळाली, नव्या औषधांच्या चाचण्यांचे अहवाल तपासायची. चांगली नोकरी आहे. पगार बरा, सुट्ट्या बऱ्या. मी संध्याकाळी घरी येतो तेव्हा ती घरी असते, किंवा माझ्यानंतर पाचदहा मिनिटांत येते. मला जे हवं होतं ते सगळं मला मिळालं. फक्त ती सोफ्याकडे बघून कधी "आज कशासाठी आलात?" म्हणाली नाही. मीही छातीला हात लावून बसलो नाही.

मंडळाच्या गणपतीत कुणी ना कुणी काकू तिला शुगरचा रिपोर्ट दाखवायला पर्समधून काढायच्या. "बघ गं जरा, तू डॉक्टर ना?"

"होते काकू," ती हसून म्हणायची. "तुमच्या डॉक्टरांना विचारा हं. मला इथे सांगता येत नाही." पण रिपोर्ट हातात घेऊन ती पूर्ण वाचायची, परत देताना हळूच म्हणायची, "उद्याच विचारा."

२००८ च्या जानेवारीत आमच्या टीममध्ये नव्याने आलेला एक मुलगा बायकोला घेऊन आमच्याकडे जेवायला आला. ती मिरजेची, एमबीबीएस, त्या वर्षी मॅचमध्ये होती. घाबरलेली. जेवताना माझ्या बायकोला ताई ताई म्हणत तिने शंभर प्रश्न विचारले. पाच इंटरव्ह्यू झाले होते, त्यातला एक कुठेतरी नॉर्थ डकोटात.

"तो तर नकोच लिहायला," तिचा नवरा म्हणाला. "ताई, तिथे उणे तीस असतं. डोळ्यांतलं पाणी गोठतं."

"मग रडायचं नाही," माझी बायको म्हणाली. सगळे हसले. मग ती त्या मुलीकडे वळली. "हे बघ, पाचही लिही. एकही सोडू नकोस. तळाला लिहिलं म्हणून वरच्यांचं काही बिघडत नाही. वरच्या सगळ्यांनी नाही म्हटलं तरच खालच्याकडे जातं."

"नक्की ना ताई?"

"नक्की. मी वाचलंय ते सगळं. नंतर."

नवरा म्हणाला, "ती यादी वगैरे मीच भरणार आहे. कॉम्प्युटरचं आमच्याकडे माझं खातं."

"अजिबात नाही," बायको म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण तो मुलगा एकदम सरळ बसला. "तिची यादी तिला भरू दे. तू चहा कर." मग, पाहुण्यांना अवघडल्यासारखं वाटलं असावं म्हणून, ती मऊ झाली. "आमच्या वेळी आम्ही एक नाव सोडलं. तेच लागलं असतं. ह्यालाही तेव्हा ते नीट कळलं नव्हतं, मलाही नाही. दोघं सारखेच ढ."

त्या दोघांनी माझ्याकडे बघितलं. बायकोने नाही. ती आमटीत पळी फिरवत होती.

मी म्हणालो, "कोशिंबीर घ्या ना. तुम्ही घेतलीच नाही."

ते गेल्यावर भांडी आवरताना मी म्हणालो, "तिला छान समजावलंस." ती म्हणाली, "कुणीतरी सांगायला पाहिजे ना," आणि उरलेला भात डब्यात भरायला लागली. तिला माहीत आहे का, की मला सगळं माहीत होतं? मी हा प्रश्न अनेकदा उलटसुलट करून बघितला आहे. तिने ते नंतर वाचलं, म्हणजे मी सांगितलं ते खोटं होतं हे तिला त्याच वर्षी कळलं असणार. ती मला ढ समजते की ढ म्हणून झाकून घेते, ते मी ओळखू शकत नाही. ओळखायला एकच रस्ता आहे आणि त्याच्या तोंडाशी मी उभा आहे.

त्या मिरजेच्या मुलीला मार्चमध्ये जागा लागली. पाचातली चौथी. ती बेसनाच्या लाडवांचा डबा घेऊन आली, पहिला लाडू तिने माझ्या बायकोच्या तोंडात घातला आणि वाकून नमस्कार केला. बायकोला मनापासून आनंद झाला होता. मला तो बघवला नाही. मी पार्किंगमध्ये जाऊन गाडीतला कचरा काढत बसलो.

आता मुलगी कॉलेजला गेली. घरात आम्ही दोघंच. ती समोरच्या खोलीत बसून तिच्या कंपनीचे अहवाल वाचते आहे, चष्मा नाकावर ओढून. मी इथे हे लिहितो आहे. मी काही फार बोलणारा माणूस नाही, हे तिलाही ठाऊक आहे, आणि न बोलण्याच्या त्या स्वभावाचा मी फार उपयोग करून घेतला. गमावलेली वर्षं मी परत देऊ शकत नाही, आयोवा देऊ शकत नाही, ते म्हातारे डॉक्टर आता हयातही नसतील. त्या सगळ्याबद्दल मी काही कबूल करण्यात अर्थ नाही.

पण तिने मला त्या संध्याकाळी टेबलापाशी एक साधा प्रश्न विचारला होता, तळाला लिहिलं तरी वरच्यांचं नुकसान होतं का. मला उत्तर माहीत होतं. नाही, होत नाही, आणि हे मला तेव्हाही माहीत होतं. एवढं उत्तर मी तिला देणं लागतो.